जाब्रियात तुमचं नाव कोणत्या वहीत आहे?

कुवेतमध्ये पत्ता सांगायची एक ठरलेली रीत आहे. आधी विभागाचं नाव, मग ब्लॉकचा आकडा, मग रस्ता, मग इमारत, शेवटी मजला आणि फ्लॅट. 'मारुतीच्या देवळामागे' किंवा 'पिठाच्या गिरणीच्या वर' असल्या खुणा कागदावर चालत नाहीत. जाब्रिया, ब्लॉक अमुक, स्ट्रीट तमुक, की झालं. इमारतीच्या दाराशी एक छोटी पाटी असते, तिच्यावर सरकारने दिलेला क्रमांक असतो. तो क्रमांक ॲपमध्ये टाकला की नकाशा तुम्हाला थेट त्या दारापाशी आणून सोडतो.

जिथे पत्ता इतका नेमका आहे, तिथे एक साधा प्रश्न विचारून पाहू. जाब्रियात पंधरा वर्षं राहिलेलं मराठी कुटुंब त्या शहराचं नेमकं कोण लागतं? त्यांच्या दारचा कचरा उचलला जातो, नळाला पाणी येतं, मूल आजारी पडलं तर जवळच सरकारी दवाखाना आहे. पण नगरपालिकेच्या निवडणुकीत त्यांना मत नाही, आणि ज्या दुकानातून ते रोजचं दूध आणतात त्या सहकारी दुकानाचं सभासद त्यांना होता येत नाही.

तुम्ही लंडनमध्ये, डब्लिनमध्ये, टोरांटोत किंवा दुबईत राहत असाल, तर हाच प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात तुमचाही आहे. जाब्रियाचं उदाहरण घेतलं, कारण तिथे 'रहिवासी' आणि 'नागरिक' या दोन गोष्टी अगदी स्वच्छ वेगळ्या दिसतात. इतर देशांत त्या एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की फरक कळतच नाही. ऐकताना सगळे आकडे आणि सालं लक्षात राहत नाहीत, म्हणून इथे नीट लिहून ठेवतोय.

समजायला सोपं जावं म्हणून अशी कल्पना करा, की प्रत्येक शहर तीन वह्या ठेवतं. एका वहीत मतदार, दुसरीत सभासद आणि तिसरीत रहिवासी. आता आपलं नाव कोणत्या वहीत आहे, ते बघू.

आधी, जाब्रिया आलं कुठून?

जुनं कुवेत शहर समुद्राकाठी, मातीच्या तटबंदीच्या आत होतं. १९२० साली बांधलेला तट १९५७ साली पाडला गेला. त्याआधीच, म्हणजे १९५२ मध्ये, मिनोप्रिओ, स्पेन्सली आणि मॅकफार्लेन या ब्रिटिश नगररचनाकारांनी नव्या शहराचा आराखडा केला होता. (तेव्हा कुवेतचं चलन भारतीय रुपया होतं, हे जाता जाता सांगायला हवं. दिनार आला १ एप्रिल १९६१ला.)

आराखड्याची कल्पना सोपी होती. जुन्या शहराभोवती अर्धवर्तुळाकार रस्ते, एकाबाहेर एक. तेच आजचे रिंग रोड. आणि या रस्त्यांच्या मधल्या जागेत एकेक विभाग, ज्याच्या पोटात शाळा, मशीद, दवाखाना, बाजार सगळं असेल. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जी नवी उपनगरं उभी राहिली, त्यांचाच हा नमुना. माणसाला रोजच्या कामासाठी आपला विभाग सोडून जावं लागू नये, हा हेतू.

पुढे शहर वाढत गेलं तसे याच नमुन्यावर आणखी विभाग झाले. जाब्रिया त्यांपैकी एक. चौथ्या आणि पाचव्या रिंग रोडच्या मध्ये, हवल्ली गव्हर्नरेटमध्ये. इथे मुबारक अल-कबीर रुग्णालय आहे, कुवेत विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, देशाची मध्यवर्ती रक्तपेढी आहे आणि तारिक रजब यांचं खासगी संग्रहालयही आहे. भारतीय वस्ती जास्त करून अब्बासिया, सालमिया, मंगाफ, फहाहील या भागांत. जाब्रियात कुवेती कुटुंबांची मोठी घरं अधिक, पण अपार्टमेंटच्या इमारतीही आहेत आणि त्यांत परदेशी कुटुंबं राहतात. म्हणजे दोन्ही तऱ्हेचे रहिवासी इथे शेजारी शेजारी आहेत.

कोणतं काम कोणत्या दारी?

पुण्यात किंवा ठाण्यात वाढलेल्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. आपल्याला सवय काय, तर पाणी, ड्रेनेज, रस्ता, दिवे, बाग, कचरा, जन्मदाखला, सगळ्याला एकच उत्तर: महापालिका. कुवेतमध्ये नगरपालिकेला 'बलदिया' म्हणतात, आणि बलदियाचा पसारा आपल्या महापालिकेपेक्षा बराच आटोपशीर आहे.

कचरा आणि सफाई बलदियाकडे. प्रत्यक्ष काम ठेकेदार कंपन्यांचे कामगार करतात, आणि ते बहुतेक दक्षिण आशियातले. बांधकामाचे परवाने, बेकायदा बांधकाम, तळघरांचा गैरवापर, जाहिरातींचे फलक, दफनभूमी, हेही बलदियाकडेच. वीज आणि पाणी मात्र एका मंत्रालयाकडे. सांडपाण्याच्या वाहिन्या सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाकडे. दवाखाना आरोग्य मंत्रालयाचा. आणि बाग? ती चक्क शेती आणि मत्स्यव्यवसाय पाहणाऱ्या प्राधिकरणाकडे. वाळवंटात झाड जगवणं हे शेतीचंच काम, असं म्हटलं की यातला तर्क कळतो.

याचा व्यवहारातला अर्थ काय? 'नगरसेवकाला फोन करून सगळं मार्गी लावणं' हा आपला जुना मार्ग इथे तितकासा चालत नाही. प्रत्येक कामाचं खातं वेगळं, आणि प्रत्येक खातं थेट केंद्र सरकारचं. सप्टेंबर २०२१ मध्ये 'साहेल' नावाचं सरकारी ॲप आलं, पुढे ते इंग्रजीतही झालं, आणि बरीचशी कामं तिथे एका जागी आली. साहेल म्हणजे सोपं. पण कोणतं काम कोणाचं, हे माहीत असल्याशिवाय ॲपसुद्धा सोपं वाटत नाही.

पहिली वही: मतदार

कुवेतची बलदिया १९३० सालची. देश स्वतंत्र झाला १९६१ साली, म्हणजे नगरपालिका देशापेक्षा तीस वर्षांनी मोठी. शेजारच्या बहरीनमध्ये नगरपालिका पाहून आलेले शेख युसूफ बिन ईसा अल-किनाई यांनी ही कल्पना कुवेतमध्ये मांडली.

२०१६च्या कायद्यानुसार नगर परिषदेत १६ सभासद असतात, त्यांपैकी १० निवडून आलेले आणि ६ नेमलेले. मुदत चार वर्षं. मत फक्त कुवेती नागरिकांना. आणि 'नागरिक' म्हणजे बराच काळ फक्त पुरुष. कुवेती स्त्रियांना मताचा हक्क मे २००५ मध्ये मिळाला, आणि त्यांनी तो पहिल्यांदा वापरला तो संसदेच्या निवडणुकीत नव्हे, तर नगर परिषदेच्या एका पोटनिवडणुकीत. दिवस ४ एप्रिल २००६, जागा सालवा. जाब्रियाहून ती फार लांब नाही. त्या निवडणुकीत जिनान बूशेहरी या उमेदवार होत्या. त्या हरल्या, पण पुढे त्याच देशाच्या मंत्री झाल्या.

मतपेटीखेरीज एक अनौपचारिक जागाही आहे: दिवानिया. कुवेती घरात पुरुषांच्या बैठकीची वेगळी खोली असते, ठरलेल्या संध्याकाळी तिथे लोक जमतात, चहा-कॉफी होते, आणि रस्त्यापासून राजकारणापर्यंत सगळं बोललं जातं. आपल्या गावचा पार आणि शहरातला कट्टा एकत्र केला तर जे होईल, साधारण तसं. विभागातली तक्रार सभासदाच्या कानावर बऱ्याचदा इथेच पडते. परदेशी माणूस पाहुणा म्हणून तिथे जाऊ शकतो, आणि त्याचं स्वागतही चांगलं होतं. पण पाहुण्याने तक्रार कितपत करायची, हे त्याचं त्यालाच कळतं.

आता हे वाचून 'आपल्याकडे बरं आहे' असं लगेच म्हणू नका. मुंबईत १८७२च्या कायद्याने ६४ जणांची पालिका आली, तेव्हा त्यांतले निम्मेच निवडून यायचे, आणि निवडणारे कोण, तर कर भरणारे. चाळीत भाड्याने राहणारा गिरणी कामगार शहर चालवत होता, पण त्याला मत नव्हतं. १९२२मध्ये भाडेकरूंपर्यंत हक्क आला, तोही ठरावीक भाडं भरणाऱ्यांपुरता. १९२३मध्ये अवंतिकाबाई गोखले आणि सरोजिनी नायडू यांच्यासारख्या स्त्रिया पालिकेत पोचल्या. प्रौढ मताधिकारावर मुंबई पालिकेची निवडणूक झाली ती थेट १९४८ साली. म्हणजे पहिली वही सगळ्यांसाठी उघडायला मुंबईला पाऊणशे वर्षं लागली.

आणि अलीकडचं बघा. मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हातात. लाखो लोकांचं नाव वहीत होतं, फक्त वही कोणी उघडत नव्हतं.

दुसरी वही: सभासद

कुवेतमधल्या मराठी घरात 'जमिया' हा शब्द रोजचा. जमिया म्हणजे विभागाची सहकारी संस्था आणि तिचं मोठं दुकान. भाजी, दूध, तांदूळ, साबण तिथेच. आणि त्याच आवारात बेकरी, लाँड्री, न्हावी, मोबाइलचं दुकान. नगररचनाकारांनी कागदावर काढलेल्या विभागाचं खरं मध्य म्हणजे हे आवार.

सहकार कायदा आला १९६२ साली, आणि त्याच वर्षी कैफान या विभागात अशी पहिली संस्था सुरू झाली. नियम साधा: त्या विभागात राहणारा कुवेती नागरिक भागधारक होऊ शकतो. भागधारक संचालक मंडळ निवडतात. वर्षाखेरी नफ्यातून लाभांश मिळतो, शिवाय वर्षभरात केलेल्या खरेदीच्या प्रमाणात पैसे परत मिळतात. नफ्याचा काही वाटा विभागातल्या सामाजिक कामांना जातो. नागरिकांना मिळणारं सवलतीचं रेशनही जमियाच्या आवारातूनच वाटलं जातं.

परदेशी माणसाने तिथे हवी तेवढी खरेदी करावी, कुणी अडवत नाही, आणि किंमतही तीच. पण बिल करताना सभासद क्रमांक सांगायची वेळ आली की आपण गप्प. पंधरा वर्षं दरमहा शेकडो दिनारचं सामान नेलं तरी परतावा शून्य.

महाराष्ट्राच्या माणसाला सहकार नवा नाही. प्रवरानगरचा साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला. मुंबईत नायगावला १९४८ साली गिरणी कामगारांच्या वस्तीत सुरू झालेलं दुकान पुढे 'अपना बाजार' म्हणून नावारूपाला आलं. विचार तोच: मधला व्यापारी काढून टाका, नफा ग्राहकाकडे परत द्या. फरक इतकाच, की नायगावात सभासद व्हायला ग्राहक असणं पुरेसं होतं. जाब्रियात ग्राहक असणं पुरत नाही.

पण या दुसऱ्या वहीची एक मोठी गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. २ ऑगस्ट १९९०ला इराकने कुवेत गिळला. सरकार देशाबाहेर गेलं, बलदिया कोलमडली. अशा वेळी विभाग जिवंत ठेवले ते जमियांनी. स्वयंसेवकांनी दुकानं चालवली, धान्याचं वाटप केलं. ज्यांनी कधी हातात झाडू धरला नव्हता त्या कुवेती तरुणांनी कचरा उचलला, बेकऱ्यांत पाव भाजले. नगररचनेच्या पुस्तकात 'विभाग' म्हणून जे लिहिलं होतं, ते या सात महिन्यांत खरं झालं.

जाब्रियातलं तारिक रजब यांचं संग्रहालय याच काळात वाचलं. संग्रह होता घराच्या तळघरात. कुटुंबाने तळघराचं दार विटांनी बंद केलं आणि जिन्यावर अडगळ, कचरा टाकून ठेवला. सैनिकांना वाटलं, इथे काही नाही. जुनी हस्तलिखितं, दागिने, वस्त्रं अशी शाबूत राहिली. आज ते संग्रहालय तुम्ही पाहू शकता, त्यासाठी कुठल्याही वहीत नाव लागत नाही.

तिसरी वही: रहिवासी

आता आपली वही. कुवेतमध्ये १९८२च्या कायद्याने नागरी माहितीचं एक प्राधिकरण स्थापन झालं. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'पासी' म्हणतात. नागरिक असो वा परदेशी, प्रत्येकाला ते ओळखपत्र देतं. हेच ते 'बताका', किंवा आपल्या बोलण्यात 'सिव्हिल आयडी'. त्यावरचा क्रमांक १२ आकड्यांचा. पहिला आकडा शतक सांगतो: तुम्ही १९०० ते १९९९ मध्ये जन्मलात तर २, त्यानंतर जन्मलात तर ३. पुढचे सहा आकडे जन्माचं वर्ष, महिना, दिवस. म्हणजे २००४ सालच्या १५ ऑगस्टला जन्मलेल्याचा क्रमांक ३०४०८१५ असा सुरू होणार. कुवेतमध्ये वाढलेल्या मुलांना शाळेतल्या रोल नंबरपेक्षा हाच जास्त पाठ असतो, कारण रुग्णालयात, बँकेत, सिमकार्डच्या दुकानात, सगळीकडे तोच विचारतात.

पासीच्या आकडेवारीनुसार २०२४च्या अखेरीस कुवेतची लोकसंख्या पन्नास लाखांच्या जवळ होती. त्यांत सुमारे दहा लाख भारतीय. दर पाच माणसांत एक. पहिल्या दोन वह्यांत हे दहा लाख कुठेच नाहीत. तिसरीत मात्र एकेकाची नोंद आहे, दारावरच्या क्रमांकासकट.

आणि म्हणूनच या वहीत पत्ता हीच सगळ्यात नाजूक जागा आहे. पत्ता तुमचा असला तरी घर तुमचं नाही. परदेशी माणसाला तिथे साधारणपणे घर विकत घेता येत नाही, तो भाडेकरूच असतो. घरमालकाने कळवलं की हा माणूस इथे राहत नाही, किंवा इमारतच पाडली, तर पासी तुमचा पत्ता रद्द करू शकतं. २०२४ मध्ये अशा रद्द झालेल्या पत्त्यांच्या याद्या सरकारी राजपत्रात यायला लागल्या, एकेका यादीत शेकडो नावं. तीस दिवसांत नवा पत्ता नोंदवा, नाहीतर १०० दिनारपर्यंत दंड.

दंड एक वेळ भरता येतो. खरी अडचण पुढे असते. पत्ता नाही तर बताका अडतं, आणि बताका अडलं की बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळं अडायला लागतं. मत नसलेल्या माणसाचं शहराशी असलेलं सगळं नातं एका ओळीवर उभं आहे, ती ही ओळ.

म्हणून कुवेतला जाणाऱ्या कुणालाही पहिला सल्ला हाच: घर बदललं की सामान लावण्याआधी पत्ता बदला. भाडेकराराची प्रत आणि दर महिन्याच्या पावत्या जपून ठेवा. इमारतीचा हारिस, म्हणजे आपल्या भाषेत वॉचमन, याच्याशी ओळख ठेवा. घरमालक भेटत नाही, हारिस रोज भेटतो, आणि इमारतीत काय शिजतंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

कोण कुठे राहू शकतं?

वहीत नाव असलं तरी कुठल्या पानावर, हेही ठरलेलं आहे. कुवेतमध्ये घरांचे दोन मुख्य प्रकार: खासगी निवासी आणि गुंतवणुकीच्या इमारती. वीजबिलातही हा फरक दिसतो. २०१६च्या कायद्याने वीजदर वाढले, तेव्हा गुंतवणुकीच्या इमारतींतल्या फ्लॅटला युनिटमागे ५ फिल्स झाले, आणि खासगी घरांना जुनेच २ फिल्स राहिले. (एका दिनारात १००० फिल्स.) दोन्ही दर खर्चाच्या मानाने फारच कमी, पण फरक फरकच.

१९९२चा एक कायदा तर स्पष्टच सांगतो: कौटुंबिक निवासी भागात एकट्या पुरुषांना घर भाड्याने द्यायचं नाही. बलदिया अधूनमधून मोहीम काढते, घरमालकांना नोटिसा देते, वीज तोडते. पुण्यात 'फक्त फॅमिलीसाठी' ही पाटी वाचून परत फिरलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. तिथे सोसायटीचा सेक्रेटरी ठरवतो, इथे कायदा.

पण ज्याचा पगार कुटुंब आणण्याइतका नाही, तो 'बॅचलर' स्वतःच्या हौसेने झालेला नसतो. त्याला कौटुंबिक विभागातून काढलं की तो जातो दूरच्या, दाटीच्या इमारतीत. १२ जून २०२४ला पहाटे मंगाफमध्ये कामगारांच्या अशाच एका इमारतीला आग लागली. ५० माणसं गेली, त्यांतले बहुतेक भारतीय. त्यानंतर बलदियाने तळघरं, बेकायदा भिंती, कोंडलेले जिने यांवर कारवाई सुरू केली. नगरपालिकेचं काम म्हटलं की आपल्याला कचरा आणि खड्डे आठवतात. जिना मोकळा आहे की नाही, हे बघणं हेही तिचंच काम आहे, आणि ज्यांना तिच्या निवडणुकीत मत नाही, त्यांच्याच जिवाशी त्याची गाठ आहे.

आणि एक चौथी वही

मग तीनपैकी एकाच वहीत नाव असलेल्या माणसाने करायचं काय? इथे १९९०ची आणखी एक आठवण उपयोगी पडते. आक्रमण झालं तेव्हा कुवेतमध्ये सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. त्यांच्यासाठी कुठलीही तयार यादी नव्हती. तिथल्याच भारतीयांनी एक अनौपचारिक समिती उभी केली, मॅथुनी मॅथ्यूज हे तिच्यातलं ठळक नाव. नावं लिहून घेतली गेली, बसेस मिळवल्या गेल्या, माणसं इराकमार्गे जॉर्डनला पोचवली गेली. तिथून, अम्मानहून, एअर इंडियाच्या विमानांनी त्यांना मुंबईला आणलं. सरकारचं विमान महत्त्वाचं होतंच. पण विमानात कुणाला बसवायचं, हे ठरवणारी यादी शेजाऱ्यांनी केलेली होती.

हीच चौथी वही. ती कुठल्याही सरकारची नसते. राहणारे ती स्वतः ठेवतात.

आज महाराष्ट्र मंडळ गणपती बसवतं, दिवाळीचा कार्यक्रम करतं, नाटक आणतं. सण कुठल्याही वारी येवो, कार्यक्रम बहुधा शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवार-शनिवारची. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळं नुसतं गावाच्या आठवणीने केलेलं वाटतं. पण त्याच कार्यक्रमात नवीन आलेल्याला कळतं, की अमुक दवाखान्यात मराठी नर्स आहे, तमुक इमारतीचा मालक पावती देत नाही, आणि पत्ता बदलायला कोणते कागद लागतात. मोदकांच्या ताटाभोवती नगरपालिकेचा अर्धा कारभार शिकता येतो.

जाब्रियातच याचं एक उदाहरण आहे: रक्तपेढी. कुवेतमधल्या भारतीय संघटना तिथे वर्षभर रक्तदान शिबिरं घेत असतात. मे २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने परदेशी रुग्णांसाठी रक्ताच्या पिशवीमागे २० दिनार फी लावली, तातडीच्या आणि आणखी काही प्रसंगांचे अपवाद ठेवून. म्हणजे देताना कुणी नागरिकत्व विचारत नाही, घेताना विचारलं जातं. यावर रागावता येईल, आणि राग रास्तही आहे. पण शिबिरं थांबली नाहीत. रक्तगटाची यादी करून ठेवणारी, रात्री दोनला फोन उचलणारी माणसं होती तिथेच आहेत. कुटुंबाला २० दिनारपेक्षा या यादीचा आधार मोठा.

चौथ्या वहीला मर्यादाही आहेत, त्या लपवायला नकोत. ती कोणाचा इकामा वाचवू शकत नाही. मुलगा २१ वर्षांचा झाला की साधारणपणे वडिलांच्या व्हिसावर त्याला राहता येत नाही, मग तो मुबारक रुग्णालयात जन्मलेला का असेना. आणि या वहीत साफसफाईच्या कंपनीत काम करणारा विदर्भातला मुलगा बहुतेक वेळा नसतो. मंडळाची वर्गणी, गाडी, शुक्रवारची सुट्टी, यांतलं एकही त्याच्याकडे नाही. आपली वही कुणाला बाहेर ठेवते, हा प्रश्न जमियाला विचारायचा असेल तर आधी स्वतःला विचारायला हवा.

तुमच्या शहरात काय?

शेवटचा भाग तुमच्यासाठी, तुम्ही जिथे असाल तिथला. परदेशात राहणाऱ्याला स्थानिक मत कधीच नसतं, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं नाही.

ब्रिटनमध्ये राहण्याचा वैध परवाना असलेला भारतीय नागरिक, अगदी विद्यार्थीसुद्धा, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मतदार नोंदणी करू शकतो. काउन्सिलच्याच नाही, तर संसदेच्या निवडणुकीतही. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत कुठल्याही देशाच्या रहिवाशाला मत आहे. स्वीडनने तीन वर्षं राहिलेल्या परदेशी लोकांना १९७६ पासून स्थानिक मत दिलं. न्यूझीलंडमध्ये १९७५ पासून कायम रहिवासी मत देतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नाही, पण मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या काही छोट्या गावांनी ते दिलंय. कॅनडात नागरिकत्वाशिवाय नाही. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरच्यांना मत नाही, पण बऱ्याच शहरांत परदेशी रहिवाशांनी निवडलेली सल्लागार मंडळं आहेत.

आणि घरचं मत? भारतीय पासपोर्ट ठेवलेल्या अनिवासी माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं. नोंदणी कुठे होते, तर पासपोर्टवर जो पत्ता आहे तिथे. फिरून आपण पत्त्यावरच आलो.

तेव्हा या आठवड्यात तीन गोष्टी बघून ठेवा. तुमच्या शहरात पहिल्या वहीत नाव घालायची सोय आहे का, आणि असेल तर अजून घातलंय का. तुमच्या विभागात एखादी सहकारी संस्था, भाडेकरू संघ, वाचनालयाची समिती अशी दुसरी वही आहे का, जिचं दार परदेशी माणसाला उघडं आहे. आणि रहिवासी म्हणून तुमचा जो पत्ता सरकारदरबारी आहे, तो तुम्ही आज जिथे झोपता तोच आहे का.

चौथी वही मात्र कुणी देत नाही, ती सुरू करावी लागते. इमारतीतल्या पाच घरांचे फोन नंबर आणि रक्तगट एका कागदावर लिहिले, तरी ती सुरू झाली. आणि त्या पाचांत असा एक जण असू द्या, जो तुमच्या कुठल्याच कार्यक्रमाला येत नाही.